मेनूकार्डातल्या गाळलेल्या ओळी

रायपूरला तेलीबांध्याच्या तलावाजवळ एक कॅफे आहे. तिथे मेनूकार्ड देत नाहीत. टेबलाच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला असतो. मोबाइल त्याच्यावर धरायचा, की काय काय मिळतं ते मोबाइलवर दिसतं. तेही सगळं इंग्रजीत. ज्याच्याकडे तसला मोबाइल नाही किंवा ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याने काय करायचं? घरी बसायचं. असं तोंडाने कुणी म्हणत नाही, पण अर्थ तोच. मला त्या चौकोनाचा अजूनही संताप येतो. आणि आता जे सांगणार आहे त्यातला निम्मा संताप माझा माझ्यावरच आहे, हेही आधीच सांगून टाकते.

बाबा रेल्वेत गँगमन होते, रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत; शेवटी टोळीचे मुकादम झाले. उन्हाळ्यात तापलेल्या पटरीवर त्यांची उमर गेली. गावाकडे भंडारा जिल्ह्यात चौथीपर्यंत शिकले, रायपूरला आल्यावर हिंदी पेपर बोट ठेवून वाचायला लागले. इंग्रजी नाही. आईला तर अक्षरओळखही नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी.कॉम., फर्स्ट डिव्हिजन. आजकाल बी.कॉम. कोण सांगतं म्हणून लोक हसतात. हसू देत. ज्यांचे आजोबासुद्धा वकील होते त्यांना यातलं काय कळणार.

बाबा रिटायर झाले तेव्हा मी ठरवलं, दर रविवारी दोघांना कुठेतरी खायला न्यायचं. या शहरात पस्तीस-छत्तीस वर्षं राहून त्यांनी हॉटेलं बाहेरूनच जास्त पाहिलेली. सोबत धाकटा भाऊ असायचा. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, इंग्लिश मीडियमचा. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देतो.

वर्षभरात आम्ही पुष्कळ फिरलो. बूढ़ापाऱ्यातल्या गल्लीत उभ्याने गुपचुप खाल्ले. पाणीपुरीला इथे गुपचुप म्हणतात. समता कॉलनीत माझ्या ऑफिसमागे एक पेस्ट्रीवाला आहे, तिथे बाहेरच्या बाकावर बसून सँडविच खाल्लं. मोमो खाल्ले, आईने त्यांना "कच्चे मोदक" म्हटलं आणि परत कधी तोंड लावलं नाही. गुपचुपच्या ठेल्यावर बाबा वेगळेच असायचे. "भैया, आलू कम, तीखा जादा. और पानी ठंडा वाला," असं एकदम कडक आवाजात. पण जिथे टेबल-खुर्ची आणि कार्ड असेल तिथे बसले की कार्ड न उघडता माझ्याकडे सरकवायचे. "वाच," म्हणायचे. मग मी वाचायची.

ही रीत माझ्या सहावीपासूनची. तेव्हा बाबा महिन्यातून एकदा आम्हाला बूढ़ापाऱ्याकडच्या एका हॉटेलात न्यायचे. वरच्या मजल्यावर पडदा लावलेल्या फॅमिली केबिन होत्या. पहिल्याच खेपेला वेटरने कार्ड पुढे केलं आणि बाबांनी ते त्याच्यादेखत माझ्या हातात दिलं. "हमारी लडकी अंग्रेजी पढती है," म्हणाले. मी सरकारी हिंदी शाळेत होते, इंग्रजी सुरू होऊन चार महिने झाले होते. कार्डावर ओळीच ओळी. मला 'प्लेन डोसा' वाचता आलं, 'मसाला डोसा' आलं, 'कोल्ड कॉफी' आलं. मधल्या ओळी आल्या नाहीत. एखादा शब्द लांब असला, मधेच दोन अक्षरं चिकटून आली, की मी ती ओळ सोडून खालची धरायची. बाबा वेटरकडे बघत होते, आणि त्यांची छाती अशी फुगलेली की मला "येत नाही" म्हणवेना. शेवटी बाबा म्हणाले, "चार मसाला डोसा." भाऊ दोन वर्षांचा होता, तरी चार.

मग दर महिन्याला तेच. मी जेवढं वाचेन तेवढंच त्या हॉटेलात मिळतं, असं आमच्या घराने धरून टाकलं. बी.कॉम.चा शेवटचा रिझल्ट लागला त्या दिवशी मी एकटी त्या हॉटेलात गेले आणि अख्खं कार्ड वाचून काढलं. चार पानं होती. नवरतन कोरमा होता, बेक्ड व्हेजिटेबल होतं, कसाटा आइस्क्रीम होतं, मंचूरियन होतं. मी चहा पिऊन खाली उतरले, आणि घरी कुणाला एक शब्द बोलले नाही.

एवढ्यावर थांबले असते तर लहानपणाची चूक म्हणून सोडून देता आलं असतं. थांबले नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोड कमी करा. मी 'कमी'चं 'बंद' केलं, आणि बाबांना तसं सांगितलंही नाही. रविवारी कार्ड वाचताना गोडाचं पानच उलटायची नाही. त्यांनी विचारलं तर सांगायची, "अशा हॉटेलात गोड नसते, बाबा." एका ठिकाणी तर त्यांच्या खुर्चीमागेच केकचं काचेचं कपाट होतं. मी मुद्दाम त्यांना पाठमोरं बसवलं होतं.

आणि मग तेलीबांध्याचा हा चौकोन.

रविवार संध्याकाळ, पाच वाजले होते. चौघं बसलो. बाबांनी सवयीने टेबलावर हात फिरवला, कार्ड कुठेच नाही. काळा शर्ट घातलेला मॅनेजर आला. माझ्याच वयाचा असेल.

"मैम, स्कैन कर लीजिए."

"कार्ड दीजिए."

"कार्ड नहीं रखते मैम. सब पेपरलेस है."

"हिंदी में है?"

"इंग्लिश में ही है. अंकल के लिए आप पढ़ दीजिए न."

माझं डोकंच सरकलं. मला ऑर्डर देतो? मी त्याला म्हटलं, "दुकान रायपूर में है न तुम्हारी? इस शहर में हिंदी पढ़ने वाला कोई नहीं रहता क्या? छत्तीसगढ़ी में तो लिखोगे नहीं, हिंदी में लिखने से क्या दुकान की इज्जत जाती है?" शेजारच्या टेबलावरच्या बायका वळून बघायला लागल्या. मॅनेजर "सॉरी मैम, सॉरी मैम" करत होता. असं सॉरी ऐकलं की माझा राग दुप्पट होतो.

"जाऊ दे ना पोरी," बाबा हळू आवाजात म्हणाले. "काहून भांडून राहिली? तू वाच ना."

"दीदी, तमाशा मत कर यार," भाऊ म्हणाला. "रुक, मैं पढ़ता हूँ." आणि त्याने आपला मोबाइल चौकोनावर धरला.

भाऊ वाचायला लागला. त्याची वाचायची तऱ्हा म्हणजे वरून सुरू करायचं आणि खालपर्यंत जायचं, एकही ओळ न सोडता. पाच तऱ्हेची कॉफी, सात तऱ्हेचं सँडविच, पास्ता, मग सूप. बाबा मान हलवत ऐकत होते. मी टेबलाखालून भावाला लाथ मारली. त्याला कळलं नाही. तो सरळ गोडाच्या पानावर गेला.

"थांब," बाबा म्हणाले. "आता का म्हटलं?"

"चीज़केक, बाबा. मीठे में."

"गोड? इथं गोड भेटते?"

"हाँ, इतना सारा है. दस-बारा आइटम."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू त मागच्या खेपेले म्हणे, अशा हॉटेलात गोड राहतच नाही."

आणि भाऊ हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्या हसण्यासाठी मी त्याला आजही माफ केलेलं नाही. "अरे बाबा, दीदी हमेशा आधा ही पढ़ती है. बचपन में भी बस डोसा, डोसा, डोसा. मैं पढ़ना सीखा तब पता चला कि वहाँ नूडल्स भी मिलता था."

"त्या केबिनवाल्या हॉटेलात?"

"वही."

बाबा माझ्याकडे वळले. मग मला विचारलं, "खरं आहे का हे?"

"हो."

"अजून का होतं तिथं?"

मी सांगितलं. कोरमा, बेक्ड व्हेजिटेबल, कसाटा. मला पाठच होतं.

"मले डोसा कधीच आवडला नाही," बाबा म्हणाले. "तो कडक कागद घशात रुतते."

"मग खात काहून होते?" मी विचारलं.

"तिथं तेच भेटते असं वाटे मले. तू वाचे, तेच."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. मी म्हटलं, "बाबा, मी अकरा वर्षांची होती! वाचणारं दुसरं होतं कोण घरात? तुम्ही वेटरसमोर कार्ड माझ्या हातात दिलं. मी काय म्हणू? येत नाही म्हणू?"

"हव, म्हणाचं! येत नव्हतं त सांगाचं होतं. मी का मारलं असतं तुले?" आता त्यांचाही आवाज चढला. "आन् आता? आता त येते ना वाचता? आता काहून लपवते?"

"तुम्हाला शुगर आहे म्हणून."

"शुगर मले आहे का तुले? डॉक्टरनं मले सांगतलं, कमी खा. मी कमी खाईन. नाही त नाही खाईन. पण का आहे ते त कळू दे मले! पटरीवर पंचवीस माणसं होती माह्यासंगं, त्याईले मी सांगत होतो कुठं कुदळ मारायची. माझं पोट कशानं भराचं ते तू ठरवते?"

शेजारच्या बायका आता उघड उघड ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या पर्स चाचपायला लागल्या.

आई इतका वेळ पाण्याचा ग्लास धरून बसली होती. ती म्हणाली, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?" आम्ही तिघंही.

"ही अडली की बोट झटकन खाली सरके हिचं. मले वाचता नाही येत, पण बोट त दिसते ना." मग बाबांकडे वळून म्हणाली, "तुम्ही वेटरकडं पाहून हसत राहत होते. म्हणून नाही बोलली."

मला आईचाही राग आला. इतकी वर्षं तिनेही तोच डोसा खाल्ला, मुकाट्याने, माझं बोट बघत. तिला काय हवं होतं ते तर आजही कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

बाबांनी भावाच्या हातातला मोबाइल घेतला आणि माझ्यापुढे ठेवला.

"वाच."

"बाबा, त्याने वाचलं ना आता."

"तू वाच. गोडाचं पान. सगळं. जे येत नाही तेबी."

मी वाचलं. तिरामिसू जमलं. ब्राउनी जमली. मग एक शब्द आला जो मला आजही येत नाही. मी अडले. बोट खाली सरकायला निघालं, ते मी पाहिलं, आईनेही पाहिलं. मी थांबले आणि जसा दिसला तसा वाचला, "क्रीम ब्रूली."

"क्रेम ब्रुले, मैम," मॅनेजर मागून म्हणाला. कधी येऊन उभा राहिला होता देव जाणे.

मी फाडून खाल्लंच असतं त्याला. पण बाबा आधी बोलले. "भैया, उसको पढने दो. तुम चुप रहो जरा."

मी शेवटपर्यंत वाचलं. तीन शब्द चुकले असतील, चार असतील. बाबांनी प्रत्येकाला विचारलं, "ह्यात का असते?" निम्म्या वेळा मला ठाऊक नव्हतं. "माहीत नाही, बाबा," मी म्हटलं. पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली, दुसऱ्यांदा कमी. मग बाबा मॅनेजरकडे वळले. "अब तुम बताओ. एक-एक करके." आणि त्या काळ्या शर्टवाल्याला उभं करून त्यांनी बारा पदार्थ समजावून घेतले. अंडं कशात आहे, दारू कशात आहे, थंड कुठलं, गरम कुठलं. मागचं गिऱ्हाईक ताटकळत होतं. बाबांना घाई नव्हती.

"तुले का पाहिजे?" त्यांनी आईला विचारलं.

"ते गरमवालं. आइस्क्रीम असते ते."

"एक वो," बाबा म्हणाले, "और मेरे को वो, जिसके ऊपर शक्कर जलाते हैं."

सगळ्यात गोड तेच होतं, मी अडले होते ते क्रेम ब्रुले. मी तोंड उघडलं. आईने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

छोट्या पांढऱ्या वाटीत ते आलं. वर जळक्या साखरेचा पापुद्रा, तपकिरी. बाबांनी चमचा मारला, तो फुटला. पहिला घास घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"काय झालं?" आई म्हणाली.

"दूध लागलं खाली, तसं लागते."

"मग ठेवून द्या."

"काहून ठेवू? मी सांगतलं ना आणाले." आणि दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. कपाळाला आठी तशीच. मी मनातल्या मनात साखर मोजत होते, कितीही नाही म्हटलं तरी. चौथ्या चमच्याला राहवलं नाही. मी हात पुढे केला, निम्मं तरी काढून घ्यावं म्हणून.

बाबांनी वाटी आपल्याकडे ओढली.

"तुले पाहिजे त तुझं सांग," ते म्हणाले. "वाचता येते ना."