नेस्टाची चौकशी

वेल्सच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात नेस्टाने सारी नोकरी शाळेची बस चालवण्यात काढली. निवृत्तीनंतर एका तापात तिच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. तरी दरवर्षी गावच्या खाद्यमेळ्यात ती सगळ्यांच्या आधी हजर.

“अगं, तुला लाकूड काय नि लोणी काय, सारखंच! जातेस कशाला?” नवरा इद्वाल चिडवायचा.

“लोकांना विचारायला.”

आणि खरंच, बशी घेऊन उभ्या असलेल्या कुणालाही गाठून ती विचारायची, “कसं लागतंय?” बहुतेक जण ‘छान’ म्हणून सटकायचे. तेवढ्याने तिचं समाधान होत नसे.

यंदा तिने समुद्रशेवाळाच्या वड्या तळणाऱ्या एमरिसलाच पकडलं. तो गडबडला. “जन्म गेला यात, पण हे कुणी विचारलं नाही बघा.” गिऱ्हाईकं ताटकळत असताना त्याने एक वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटून सावकाश चावली.

“आधी खारट. मग भिजल्या दोरखंडाचा वास असतो ना, तसं काहीतरी. वाईट नाही हं! शेवटी जरा गोडसर.”

“शेवाळ आणि गोडसर?” नेस्टाने लगेच एक वडी घेऊन जिभेवर घोळवली. काहीच लागलं नाही. मग ती रांगेतल्या पहिल्या माणसाकडे वळली.

“अहो, तुम्ही खाऊन सांगा बरं, हा खरं बोलतोय का?”