मिरपुडीचा कोपरा

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं काही बरं झालं, की त्याचा वास आधी तिसऱ्या मजल्यावरून यायचा. कुणी नोकरीतून सुटलं, कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाचं प्लास्टर निघालं, तरी खालच्या हॉलमध्ये टेबलं जोडली जायची आणि मावशीच्या ओव्हनमध्ये बटाटे शिरायचे. वितळलेलं चीज, लोणी आणि किंचित करपलेला कांदा असा तो वास जिना उतरायला लागला, की पथ्यावर असलेली माणसंसुद्धा सहज म्हणून दार उघडून उभी राहायची.

मावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, जन्मभर पडदे शिवत आली. त्यामुळे ती बटाटेही पडद्यासारखेच लावते. अर्धवट उकडलेल्या बटाट्यांचे पातळ काप ती ट्रेमध्ये आडवे पसरत नाही, उभे करते, एकाला एक चिकटून, चुण्या घातल्यासारखे. चुण्यांमध्ये दुधाचा दाट सॉस ओतते, वर किसलेलं चीज. "सरळ रचले की सॉस वरच्या वर राहतो," ती म्हणते, "चुणीत घातला की आत जाऊन बसतो." तोंडात दोन टाचण्या धरल्यासारखे ओठ आवळून ती हे काम करते. टाचण्या नसतात, पण चाळीस वर्षांची सवय ओठांना सोडत नाही. त्या वेळी तिच्याशी बोलायला गेलं तर ती भुवईने उत्तर देते.

त्या ट्रेचा एक कोपरा काकांचा. काका, म्हणजे तिचे यजमान, बस डेपोत टाइमकीपर होते. त्यांना जेवणात मिरपूड लागायची नाही, मिरपुडीत थोडं जेवण लागायचं. म्हणून मावशी ट्रेच्या एका कोपऱ्यावर मिरपुडीचा असा थर द्यायची, की तिथे चीज पिवळं दिसायचंच नाही. मी एकदा हावरटपणाने त्यातला एक घास घेतला होता. मला इतका खोकला आला, की खालचे शेजारी पाणी घेऊन वर आले.

काकांच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे कुठेही जायचं तर तासभर आधी पोचायचं. लग्नाला गेले तर मांडववाल्याला खांब धरू लागायचे. दुसरी खोड चमच्याची. दांडा वाकलेला एक जुना चमचा होता, तोच लागायचा. पानावर बसले की तो उताणा ठेवायचे, म्हणजे वाढा. खाऊन झालं की पालथा, म्हणजे पुरे. तोंडाने मागणं नाही, नको म्हणणं नाही. सगळी डेपोची शिस्त. मावशी म्हणायची, "या माणसाशी संसार म्हणजे सिग्नल बघून गाडी चालवणं."

गेल्या वर्षी काका गेले. तेही वेळेच्या आधीच. डॉक्टरांनी दिलेली मुदत त्यांनी पाळली नाही.

त्यानंतर बरेच दिवस ओव्हन गारच होता. मग पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी स्वतः येऊन मावशीला गळ घातली. तिने बटाटे केले. ट्रे खाली आणला. कोपरा काळा होता.

"हात गेला," मावशी एवढंच म्हणाली. सवयीने वाकडा चमचाही आला होता. तिने तो ट्रेशेजारी ठेवला, उताणा.

भाषणं झाली, ती व्हायची तेवढी लांब झाली. लोकांनी आडव्या-उभ्या बाजूंनी ट्रेवर हल्ला केला. शेवटी मी तळ खरवडायला गेलो, ती माझी जन्मसिद्ध जबाबदारी, तर कोपरा रिकामा होता. स्वच्छ, चमच्याने निपटून खाल्लेला. आणि वाकडा चमचा पालथा पडला होता.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये कुणीही खोकलं नव्हतं.

असं मग दर वेळी होऊ लागलं. लोक त्यावर बोलत नसत, पण त्या कोपऱ्याजवळ हातही नेत नसत. जिन्यात धक्काबुक्की करणारे आमचे शेजारी ट्रेसमोर मात्र एका खुर्चीएवढी जागा सोडून उभे राहायचे. मावशी घरी जाताना वाकडा चमचा रुमालात गुंडाळून न्यायची आणि तिचा चेहरा गाढ झोप काढून उठलेल्या माणसासारखा दिसायचा.

तिची मुलगी दातांची डॉक्टर आहे, दुसऱ्या शहरात एकटी राहते. तिला सगळे डॉक्टरीण म्हणतात, मीही. कोपऱ्याचं हे प्रकरण तिच्या कानावर गेलं तेव्हा तिने मला फोन केला.

"दादा, खरं सांग, तूच खातोस ना?"

"मी खाल्ला तर रस्त्यापलीकडे खोकला ऐकू जातो. मला वाटलं तू कुणाला सांगून ठेवलंयस, आईचं मन राखायला."

"मी? मी तर तिला इथे आणायला बघतेय. तिचा गुडघा तीन मजले चढू शकत नाही, गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला होता. आणि ती म्हणते, मी तिथे आले तर ह्यांचं कसं व्हायचं. तू जरा समजाव."

मी समजवायला गेलो. मावशी पडद्याची किनार उसवत बसली होती.

"पोटोबा आले," ती म्हणाली. मला ती याच नावाने हाक मारते. "तुला तिने पाठवलंय. बस. मला कळतं रे, हा गुडघा आता माझं ऐकत नाही. पण हे घर सोडलं आणि तिकडे कोपरा तसाच राहिला, तर? इथे निदान येतात. पत्ता त्यांना माहीत आहे."

मग तोडही तिनेच काढली. निघायच्या दिवशी दुपारी सगळ्यांना बोलवायचं, शेवटचा ट्रे करायचा. कोपरा संपला तर ती हलणार नाही. सामान परत वर. उरला, तर गाडीत बसेल.

डॉक्टरीण दोन दिवस आधी आली, सामान बांधायला. बांधाबांधीत वाकडा चमचा सापडेना. मावशीने ड्रॉवर पालथे घातले, भरलेली खोकी पुन्हा सोडायला लावली. डॉक्टरीण वैतागली. "आई, माझ्याकडे चांगले स्टीलचे डझनभर आहेत." मावशीने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने मुकाट्याने चौथं खोकं सोडलं. चमचा नव्हता.

दुपारी ट्रे खाली आला. कोपरा काळाकुट्ट. शेजारी दुसराच एक चमचा ठेवला. ट्रेच्या एका बाजूला मी बसलो, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीण. तिला कोपरा उरायला हवा होता, मला संपायला. मावशी गेली तर माझ्या पोटाला वाली कोण, हा माझा स्वार्थ, आणि तो तिला पाठ होता. आम्ही एकमेकांवर असा पहारा ठेवला होता, की दोघांनीही नीट खाल्लं नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

"तुझी मान अवघडेल," डॉक्टरीण हळूच म्हणाली.

"तू पापणी मिट, मग मी मान वळवतो."

माणसं आली, जेवली, मावशीचे हात हातात घेऊन गेली. बाकी ट्रे साफ झाला. कोपरा तसाच. त्यावरचं चीज थिजलं, कडेने तूप सुटल्यासारखं लोणी गोठलं. सोडलेल्या खुर्चीच्या जागेकडे मी पुन्हा पुन्हा पाहत होतो. आजवर तिथे काहीतरी असल्यासारखं वाटायचं आणि मी नजर टाळायचो. त्या दिवशी तिथे नुसती फरशी होती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मावशी आली. तिने ट्रेवर वाकून कोपरा पाहिला. मग पदराने कपाळ टिपलं आणि म्हणाली, "चला."

जिंकलेली डॉक्टरीण रडायला लागली.

मी सामान लावायला सोबत गेलो. पूर्ण रस्ताभर मावशी ट्रे मांडीवर घेऊन बसली होती, वर फडकं. कोपरा टाकून द्यायला ती तयार नव्हती. दिवेलागणीच्या सुमारास आम्ही पोचलो. डॉक्टरिणीने कुलूप उघडलं. दोन दिवस बंद असलेल्या घराचा कोंदट वास यायला हवा होता. मिरपुडीचा आला, अगदी पुसट.

डॉक्टरिणीचं घर तिच्या दवाखान्यासारखं, जिथली वस्तू तिथेच. जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या आत सरकवलेल्या. एक सोडून. ती बाहेर ओढलेली होती, आणि तिच्यासमोर टेबलावर, मधोमध, दांडा वाकलेला चमचा. उताणा.

डॉक्टरिणीने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तिने माझ्याकडेच किल्ली मागितल्यासारखा हात पुढे केला, मग किल्ली आपल्याच मुठीत आहे हे तिच्या लक्षात आलं.

"आधीच येऊन बसलेत," मावशी म्हणाली. आवाज रोजचा, थोडा चिडका. "सांगून निघायची पद्धत तेव्हाही नव्हती." तिने फडकं काढलं, ट्रे त्या खुर्चीसमोर सरकवला. "गार झालंय. चालवून घ्या. चला रे, खालचं सामान आणू."

"आई, तू बस, तुझा गुडघा—"

"लिफ्ट आहे ना इथे? मग चल. कुणी बघत बसलं की त्यांना जेवण जात नाही."

आम्ही तिघंही बाहेर पडलो. डॉक्टरिणीने दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. खाली खोकी उतरवताना तिच्या हातून एक पडलं. मी कुठलाही विनोद केला नाही. मला आठवत नव्हता.

वर आलो. कुलूप तिनेच उघडलं. आत आम्ही दोघं आधी शिरलो नाही. मावशी शिरली, टेबलापाशी गेली, चमचा उचलला आणि नळाखाली धरला.

"धुवून ठेवायची अक्कल मात्र काही येत नाही," ती पाठमोरीच म्हणाली.

मी ट्रेमध्ये डोकावलो. कोपरा निपटलेला होता. खरवडायला काहीसुद्धा सोडलं नव्हतं.

डॉक्टरीण स्वयंपाकघराच्या दारात खोकं उराशी धरून उभी होती. लोकांना भीती वाटू नये म्हणून जो आवाज ती दवाखान्यात काढते, तोच आवाज काढून तिने विचारलं, "आई, मिरपूड कुठल्या फळीवर ठेवू?"

"खालच्या," मावशी म्हणाली. "त्यांचा हात पोचायला हवा."