शक्यता मध्यम

“तुझ्या हृदयाला काहीही झालेलं नाही. याला पॅनिक अटॅक म्हणतात,” बोईसरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाईट वाटलं. हृदयाचं काही निघालं असतं, तर पोरगी नाटकं करते असं तरी कोणी म्हटलं नसतं. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि माझी अक्कल तेवढीच चालत होती.

पॅनिक अटॅक म्हणजे समोर संकट नसताना शरीर संकट आलं असं धरून चालतं. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायाला मुंग्या येतात आणि आता आपण मरणार अशी खात्रीच वाटते. दहा-पंधरा मिनिटांत ते ओसरतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत मात्र ते ओसरेल यावर विश्वास बसत नाही.

हे मी लिहिते आहे ते ज्यांच्या घरात यंदा कोणी बारावी, सीईटी करून कॉलेजच्या यादीची वाट बघतंय त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. औषधांचं मला विचारू नका.

मी मुरब्याची, बोईसरजवळच्या किनाऱ्यावरच्या गावची. बाबा बोटीवर जातात, आई बोईसरच्या बाजारात मासळी विकते. मला फार्मसीला जायचं होतं. सीईटीचा निकाल लागला, मार्क बरे पडले. बरे म्हणजे नेमके कुठे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. निकालात असतं ते पर्सेंटाइल, म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी शंभरात किती जणांना आपण मागे टाकलं तो आकडा. त्यावरून कॉलेज मिळेल का, हे सांगणाऱ्या वेबसाइट असतात. त्यांना प्रेडिक्टर म्हणतात. आपले मार्क आणि प्रवर्ग टाकायचा की समोर येतं, ‘शक्यता जास्त’, ‘मध्यम’ किंवा ‘कमी’.

मला हव्या त्या कॉलेजपुढे एक साइट मध्यम म्हणायची, दुसरी कमी. मग मी तिसरी उघडायची. दिवसातून चाळीस वेळा तरी बघत असेन. दात घासताना बघायचे, जेवताना बघायचे. आकडे तेच टाकायचे आणि उत्तर बदलेल अशी आशा करायची. याला वेड म्हणतात हे मला कळत होतं, पण हात ऐकत नव्हता.

पहिला अटॅक जूनमध्ये आला. मासेमारीची बंदी होती, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. बाबा ओट्यावर जाळं विणत होते आणि मी तांदूळ निवडत होते. एकदम छाती उडायला लागली, हाताची बोटं आत वळून ताठ झाली. आईने ओवा चावायला दिला. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. तिसऱ्यांदा मी भर बाजारात तिच्या पाटीशेजारी खाली बसले. तेव्हा तिने मासळी शेजारणीच्या हवाली केली आणि मला रिक्षात घातलं.

दवाखान्यात ईसीजी काढला. छातीला आणि हातापायांना वायरी चिकटवून हृदयाचे ठोके कागदावर उमटवतात, दुखत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनसाठी रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्टसाठी आम्ही परत गेलो. दीड तास बाकावर मी अगदी ठीक होते. मग कंपाउंडर दारातून माझ्याकडे बघून म्हणाला, “चला, नंबर लागला.” आणि माझी बोटं वळायला लागली.

डॉक्टरबाईंनी ते दारातूनच पाहिलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. त्यांनी विचारलं, की तो असं काय म्हणाला? मी म्हटलं, “नंबर लागला म्हणाला.” महिनाभर आख्खं गाव ॲडमिशनबद्दल ज्या शब्दांत विचारत होतं तेच ते दोन शब्द. लागला का नंबर? तेव्हा बाईंनी पॅनिक अटॅक म्हटलं आणि पालघरच्या मनोविकारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वेड्यांचे डॉक्टर, हे आमच्या आळीत सगळ्यांना पाठ. आईने शेजारी सांगितलं, की पोरीला डोळे तपासायला नेते.

पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घाबरून आपण भरभर श्वास घेतो. याला हायपरव्हेंटिलेशन म्हणतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटं वळतात. उपाय म्हणजे चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर. एक गोळी लिहून दिली. तिचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, पहिले काही दिवस मळमळेल, आणि आपल्या मनाने बंद करायची नाही, हेही सांगितलं. मळमळलं खरंच.

मग त्यांनी विचारलं, घरी ॲडमिशनबद्दल काय बोलतात?

काहीच नाही, मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. गाव विचारून विचारून हैराण करत होतं, पण घरात कोणी चकार शब्द काढत नव्हतं. मी मोबाइल घेऊन बसले की बाबा उठून बाहेर जायचे. काका आले आणि विषय निघाला, तर आई त्यांना डोळ्यांनी दटावायची. मी याचा एकच अर्थ लावला होता. हिच्याने काही व्हायचं नाही हे यांनी धरलंय, आणि माझं मन मोडू नये म्हणून गप्प बसलेत. यादीपेक्षा हेच मला जास्त खात होतं.

डॉक्टरांनी पुढच्या वेळी दोघांना आत बोलावलं आणि सरळ विचारलं, तुम्ही हिला काही विचारत का नाही?

बाबा खुर्चीच्या टोकावर बसले होते. ते म्हणाले, “निंगालेल्या बोटीला कोन विचारतं काय, किती मिलेल म्हनून? आमच्यात नाय विचारत. अपशकून होतो.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी त्याच घरात वाढले होते. बाबा समुद्रावर निघाले की कुठे चालला, किती दिवस, काय मिळेल, यातलं काहीही विचारायचं नाही, हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत होतं. बाबांच्या लेखी मी निघालेली बोट होते. फॉर्म भरल्यापासून त्यांनी माझ्यासाठी तोच रिवाज पाळला होता आणि घरातल्या सगळ्यांना पाळायला लावला होता. मला मात्र ते कळलं नाही, कारण मी स्वतःला कधी बोट समजले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, “बोटीचं मला माहीत नाही. हिला मात्र विचारत जा.”

त्यानंतर बाबांनी विचारून विचारून जीव नकोसा केला. कॉलेज मिळालं की संगणकावर सीट फ्रीझ करायची असते, म्हणजे पक्की करायची असते, हे मी त्यांना सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, “मंग बरफ आपल्याकं हायच.” महिन्याभरात मी पहिल्यांदा हसले.

प्रेडिक्टर दिवसातून एकदाच, संध्याकाळी पाच वाजता बघायचा, अशी डॉक्टरांची अट होती. मला ते जमेना. ते सोपं केलं बाबांनी. ते वाऱ्याचा अंदाज मोबाइलवर सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदाच बघतात. तिसऱ्यांदा बघितला म्हणून वारा बदलत नाय, ते म्हणाले. पाच वाजता मी प्रेडिक्टर उघडायचे आणि ते शेजारी बसून वारा बघायचे. आठवड्याभरात मी एकदावर आले.

एका गोष्टीसाठी मी पालघरच्या डॉक्टरांची ऋणी आहे. तुला नक्की मिळेल, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. बाकी सगळे म्हणत होते. ते म्हणाले, “ॲडमिशनचं मला ठाऊक नाही. नाही मिळाली तर काय करायचं, ते आपण आज लिहून काढू.” केसपेपरच्या मागे आम्ही लिहिलं, इथल्याच कॉलेजात बीएस्सीला नाव घालायचं, सीईटी पुन्हा द्यायची. चारच ओळी होत्या. त्या बघितल्या की श्वास जरा खाली उतरायचा.

पहिल्या फेरीत काही मिळालं नाही. मला अटॅक आला, मी चार-सहा मोजले, तो गेला. दुसऱ्या फेरीतही काही नाही. त्या दिवशी अटॅक आला नाही, नुसतं रडू आलं. डॉक्टर म्हणाले, रडू येणं हा आजार नाही.

तिसऱ्या फेरीची यादी लागायचा दिवस आला तोवर बंदी उठून बोटी गेल्या होत्या. त्या दिवशी बाबा दुपारपर्यंत परतणार होते, पण चार वाजले तरी आले नव्हते. पाच वाजता मी आणि आई स्वयंपाकघरात बसून साइट उघडली. माझे हात गार होते, पण चालत होते. नाव दिसलं. फॉर्मवरच्या पसंतीच्या यादीत मी चौथं लिहिलेलं, पालघरकडचंच कॉलेज होतं. हवं होतं ते नव्हतं, पण फार्मसी होती.

मी आईला सांगायला वळले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती तोंडाने भराभर श्वास घेत होती आणि मांडीवरच्या हाताची बोटं आत वळून ताठ झाली होती. ती बोटं मी ओळखली.

मी तिच्यासमोर बसले आणि मोठ्याने मोजायला लागले. चार आत, सहा बाहेर. हळूहळू बोटं सैल झाली. बाहेर कोणीतरी ओरडून सांगितलं, की बाबांची बोट खाडीत आली. मी आईला विचारलं, हे आज पहिल्यांदाच झालं का?

ती पदराने तोंड पुसत म्हणाली, “माला तं हे नेहमी होतं. बोट येयाला उशीर झाला का होतं. माला वाटलं, सगल्यांनाच होतं.”

माझ्यासाठी ओवा शोधणारी, दृष्ट काढणारी, डोळे तपासायचे म्हणून खोटं बोलणारी ही बाई स्वतः त्याच दुखण्यात इतकी वर्षं संसार करत होती. तिला कोणी ईसीजी काढायला नेलं नव्हतं, कारण तिने कधी सांगितलंच नव्हतं. मला तिचा राग आला, आणि मग माझा स्वतःचा आला.

कॉलेज सुरू होऊन दुसराच आठवडा होता. मी एक प्रॅक्टिकल बुडवलं आणि आईला पालघरला घेऊन गेले. डोळे तपासायला चाललो असं या वेळी कोणाला सांगितलं नाही. केसपेपरसाठी फॉर्म भरायचा होता, तो मी भरत होते. नाव, वय, गाव. मग ‘त्रास किती दिवसांपासून’ असा रकाना आला. मी तिला विचारलं.

तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं.

“लगीन झालं तवापासून,” ती म्हणाली.

रकाना छोटा होता. मी त्यात लिहिलं, बावीस वर्षं.