न शिकवलेले नऊ तास

मला राग लवकर येतो, हे खारघरमधल्या आमच्या सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक आहे. पण निवृत्तीनंतरच्या त्या वर्षात मी जेवढा संतापलो तेवढा अख्ख्या नोकरीत संतापलो नव्हतो. आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच होता.

नोकरी हवाई दलातली. मालवाहू विमानात मी नॅव्हिगेटर होतो. वैमानिक विमान चालवायचा आणि ते नेमकं कुठे आहे हे मी सांगायचो. समोर नकाशा, पट्टी, पेन्सिल आणि घड्याळ. शेवटची ओळखीची खूण किती वाजता ओलांडली, तिथून कुठल्या दिशेने आणि किती वेगाने निघालो, वाऱ्याने किती ढकललं, एवढ्यावर आत्ताची जागा काढायची. जमिनीवर सिग्नल सोडणारी रेडिओ बीकन असायची, त्यांच्याकडे आमची सुई वळायची, तिच्याशी ताळा जमवायचा. समुद्रावर तर सूर्य आणि तारेच. मग उपग्रह आले आणि माझ्या कामाचा माणूसच विमानातून उतरवला. उतरवा बापडे! त्याचा मला राग नाही.

राग आला तो निवृत्तीनंतर. इथल्या एका क्लासमध्ये मी वैमानिक व्हायला आलेल्या पोरांना हेच शिकवायला लागलो. क्लासची स्वतःची फ्लाइंग स्कूल आहे, तिकडे घाटावर. तिथे पाठवायच्या आधी नकाशा-पेन्सिलचे बारा तास पुरे करायचे आणि तसं रजिस्टरवर मी सही करून द्यायची, असा नियम. पहिल्या बॅचचे तीन तास झाले आणि क्लासचे मालक वर्गात आले. माझ्या मुलाच्या वयाचे, कडक इस्त्रीतले.

"सर, टेन्शन नका घेऊ. परीक्षेत यातलं फारसं येत नाही. विमानात सगळ्यांकडे टॅब्लेट असतो. उरलेले तास प्रश्नसंचाला देऊ या. तुम्ही फक्त सही मारा."

"आणि टॅब्लेटने दगा दिला तर?"

"काय सर तुम्ही पण! कुठल्या जमान्यात आहात?"

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, अहो, जगात ठिकठिकाणी उपग्रहाचे सिग्नल मुद्दाम बिघडवतायत. मोठाल्या विमानांच्या पडद्यावर भलतंच गाव दिसतं. म्हणून तर शहाणे लोक जुनी बीकन मोडीत काढायला तयार नाहीत, विमानाची प्रत्येक हालचाल आतल्या आत मोजणारी यंत्रं सुधारतायत, पृथ्वीच्या चुंबकत्वावरून जागा ओळखायचे प्रयोग चाललेत. मालक मान डोलवत होते. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं आणि मग पेन पुढे केलं.

आणि मी काय केलं? सही मारली. त्या बॅचला मारली, पुढच्या बॅचला मारली, त्याच्या पुढच्याही. तीन तास शिकवायचे आणि बारा लिहायचे. घरी येऊन बायकोसमोर मात्र तासभर तणतणायचो.

मग एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात माझी एक विद्यार्थिनी आणि तिचे वडील. खाडीकाठच्या गावातले आगरी. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला प्लॉट विकून त्यांनी पोरीला विमान शिकायला घातलं होतं. चपला दाराबाहेर काढून ते सोफ्याच्या अगदी कडेला टेकले.

"सर, पोरीला इमानाच्या शाळेतून काढून टाकतान. तिचा काय चुकला, त्या सांगा आमाला."

पोरीने सांगितलं. एकटीने करायचं लांबचं उड्डाण होतं. निम्म्या वाटेवर टॅब्लेटवरचं विमान एकदम पश्चिमेला उडी मारून बसलं. तिला वाटलं आपणच भरकटलो, म्हणून ती पूर्वेला वळली. पंधरा मिनिटांनी बघते तर नकाशात नदी आणि खाली नुसता माळ. रेडिओवर कुणी ऐकू येईना.

"मग लॉगशीट बघायची! शेवटची खूण किती वाजता गेली?"

"कोरी होती, सर."

माझं टाळकं सडकलं. "कोरी? वेळा लिहायला हात मोडले होते? सुरुवातच माहीत नसेल तर होकायंत्र काय डोंबल सांगणार? मेली असतीस ना मूर्खासारखी!"

तिचे वडील खाली फरशीकडे बघत राहिले. तिने मला ओरडून घेऊ दिलं. मग शांतपणे म्हणाली, "सर, वेळा लिहायच्या, हे तुम्ही कितव्या तासाला शिकवलंत?"

स्वयंपाकघरात बायकोने मिक्सर बंद केला. तो धडा चौथ्या तासाचा होता.

"परत कशी आलीस?" मी विचारलं.

तिला लांबवर साखर कारखान्याची चिमणी दिसली होती. ती खाली उतरली, चिमणीला वळसा घालून तिच्यावरचं नाव वाचलं, ते कागदी नकाशात शोधलं आणि तिथून घड्याळ लावून, होकायंत्राचा काटा धरून परत आली. टाकीत इंधन जेमतेम उरलं होतं.

"शाब्बास!" माझ्या तोंडून निघून गेलं. पण शाळेने तिच्यावर दोन ठपके ठेवले होते. परवानगीपेक्षा खाली उडाली आणि पूर्ण प्रशिक्षण मिळूनही निष्काळजीपणा केला. पूर्ण प्रशिक्षणाचा पुरावा म्हणजे माझी सही.

दुसऱ्या दिवशी फ्लाइंग स्कूलचे प्रमुख तिचा निकाल लावायला क्लासवर येणार होते, तिला आणि वडिलांनाही बोलावलं होतं. मी तासभर आधीच जाऊन बसलो. मालकांनी मला पॅसेजमध्ये गाठलं.

"सर, एका पोरीसाठी तुमचं नाव कशाला घालवता?"

"नाव गेलं खड्ड्यात! व्हा बाजूला."

आत प्रमुखांसमोर रजिस्टर उघडून ठेवलं. "ही सही माझी आहे. यातले नऊ तास मी शिकवलेले नाहीत. हिला काढायचं तर आधी मला काढा."

त्यांनी मला तिथल्या तिथे काढलं. तिच्यावरचा निष्काळजीपणाचा ठपका खोडला. खाली उडाल्याबद्दल ताकीद दिली आणि नऊ तास भरून काढले की ती पुन्हा उडेल असं लिहून दिलं. तिच्या वडिलांनी मला हात जोडले. खोटं कशाला बोलू, माझी छाती जराशी फुगलीच. मी पिशवी उचलली.

पोरगी माझ्याकडे बघतच नव्हती. ती रजिस्टरची पानं मागे मागे उलटत होती.

"सर, आमच्या आधीच्या बॅचलाही बाराच तास लिहिलेत. त्याच्या आधीच्याही. ही सगळी मुलं आत्ता कुठे आहेत?"

मी मालकांकडे बघितलं, मालकांनी प्रमुखांकडे. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, उड्डाणाला याहून चांगली हवा नसते.

मी पिशवी खाली ठेवली, रजिस्टर माझ्याकडे ओढलं आणि पहिल्या नावाला फोन लावला. बंद होता.