शिलाई मशीनचं हळदीकुंकू

गरीब घरांना मदत करायची तर सरळ करावी, त्यासाठी हळदीकुंकू कशाला, असं मी मुख्याध्यापकांना तोंडावर विचारलं होतं. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, पालक मेळावा म्हटलं की चार टाळकी येतात. हळदीकुंकू म्हणा, पटांगण भरतं. आणि पटांगण भरलेलं दिसल्याशिवाय देणारे येत नाहीत." ते खरं बोलत होते, म्हणून मला जास्तच राग आला.

आमची शाळा मिरजगावजवळ, हायवे सोडून आत. वर्ग दहावीपर्यंत. त्या संक्रांतीला नगरच्या एका व्यापाऱ्यानं ब्लँकेटं, किराण्याची पाकिटं आणि एक शिलाई मशीन द्यायचं कबूल केलं होतं. मशीन एकच होतं, पण ते कुणाला द्यायचं याबद्दल शाळेत दुमत नव्हतं. सातवीतल्या एका मुलीच्या आईला.

तिचा नवरा करोनात गेला. ती पहाटे टेम्पोत बसून कांद्याच्या खुरपणीला जायची, दिवेलागणीला परत यायची. तोवर मुलगी घरात एकटी. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात मुलीचा मामा दलाली करतो. त्याचा सारखा फोन, पोरीला माझ्याकडं धाड, माझं बारकं सांभाळील, पुढं दोन-तीन वर्षांत स्थळ बघू. हे 'स्थळ बघू' ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. बारा वर्षांची पोर ती! आईला शिवण चांगलं येत होतं, लग्नाआधी मिरजगावात एका टेलरकडे शिकलेली. मशीन आलं की आई घरात राहील, आई घरात राहिली की मुलगी शाळेत राहील. इतकी सरळ गोष्ट होती.

मी कार्यक्रमाचा निरोप घेऊन गेले तर मुलीची आई म्हणाली, "मॅडम, कारेक्रम हळदीकुंकवाचा हाय. मी कशी येऊ?"

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, गावात विधवा प्रथा बंद. ठरावाला एकूणएक हात वर झाले होते. मी तिला त्या भिंतीची आठवण करून दिली.

"ते भितीवर हाय," ती म्हणाली.

"मी आहे ना," मी म्हणाले. शेवटी ती हो म्हणाली. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती, तिनं तिथल्या तिथे उडी मारली.

कार्यक्रमाला आई आली. ठेवणीतली साडी, स्वतः हातानं शिवलेला ब्लाउज. बसली मात्र मागच्या रांगेत, एका मुस्लिम पालकबाईच्या शेजारी. त्या बाईंनी हसून नुसता तिळगूळ घेतला, कुंकू घेतलं नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. दरवर्षीचंच ते.

ताट फिरवायचं काम सातवीच्या मुलींकडे असतं. त्या वर्षीही त्यांच्याकडेच होतं. मागच्या रांगेचं ताट तिच्या मुलीच्या हातात होतं, हे मला स्टेजवरून दिसलं तेव्हा ती आईसमोर पोचलेली होती. तिनं करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि ती थांबली. तिनं आजूबाजूच्या बायकांकडे बघितलं. बायका ताटाकडे बघत होत्या. कुणी नको म्हणालं नाही, लाव म्हणालं नाही. मग आईनंच मान हलवून तिला पुढे जायला सांगितलं, आणि मुलगी पुढे गेली.

माझा तोल गेला. मी स्टेजवरून उतरले, तरातरा मागे गेले, मुलीच्या हातातलं ताट ओढून घेतलं आणि तिच्या आईच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. आई खाली मान घालून बसली होती, पण बसली होती. अजूनही मला वाटतं, तेवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं.

तेवढ्यात पाहुण्याबाई, म्हणजे त्या व्यापाऱ्याच्या पत्नी, स्टेजवरून टाळ्या वाजवायला लागल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. "किती छान! मॅडम, फोटो राहिला की! परत एकदा लावा. ताई, जरा वर बघा ना."

फोटोवाला धावत आला. आईनं वर बघितलं. पदरानं कपाळ पुसलं, नीट, कोपऱ्यापर्यंत पुसलं, आणि उठून फाटकातून बाहेर गेली.

मशीनसाठी नाव पुकारलं तेव्हा ती खुर्ची रिकामी होती. पाहुण्यांना पुढे कर्जतला जायचं होतं. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरं नाव घेतलं. ज्या बाईला मशीन मिळालं तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिच्यावर तरी कसं रागवायचं? तिला शिवण येत नाही. पुढे तिच्या घरी गेले तेव्हा मशीनवर गोधड्यांची चळत होती.

दुसऱ्या मशीनसाठी व्यापाऱ्याला फोन केला, "पुढच्या वर्षी नक्की बघू" म्हणाला. मुलीच्या आईकडे गेले. तिनं चहा केला, कार्यक्रमाचा विषय काढला नाही. ते मशीन मागून आणू का, विचारलं.

"नगं मॅडम. तिच्या घरातनं काढून मला नगं."

निदान मुलीची शाळा तरी बदलू नका, असं म्हणायला गेले तर ती म्हणाली, "तुमी लई केलं."

परीक्षा संपली आणि मामा दाखला न्यायला आला. सरांनी सही केली. न करून काय करणार? मामा बाहेर मोटरसायकल वळवत होता तेवढ्यात मुलगी माझ्या वर्गात आली.

"मॅडम, आईला मीच लावायला पायजे हुतं. मी लावलं असतं तर तिनं पुसलं नसतं."

"तुझं काही चुकलं नाही गं," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. मला तिची ती मान माहीत होती. गणित समजलेलं नसलं आणि मी परत विचारू नये असं वाटलं की ती अशीच डोलवायची. मग ती मामाच्या मागे बसली, दप्तर मांडीवर घेतलं, आणि गाडी हायवेच्या दिशेनं निघून गेली.