त्र्यंबकपर्यंत आणि परत

नाशिक जिल्ह्यात एखादी गोष्ट ठरवायला माझ्या साडूंइतका वेळ लावणारा माणूस आजवर झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. द्राक्षाच्या वेलीला फळ धरून ते उतरवेपर्यंत जेवढे दिवस लागतात, तेवढ्या दिवसांत ते शर्टाचं कापड पसंत करायचे. ते कोणाकडे शिवायला टाकायचं, हा प्रश्न पुढच्या हंगामाला. मिसळ खायला नेलं तर रस्सा तिखट घ्यावा की मध्यम, यावर विचार करता करता शेव मऊ पडायची. नाशिक रोडच्या कॉलनीतल्या त्यांच्या बैठ्या घराला रंग द्यायचा होता, तेव्हा त्यांनी पुढच्या भिंतीवर चार रंगांचे चार पट्टे मारून घेतले. सकाळच्या उन्हात कोणता बरा दिसतो, संध्याकाळी कोणता, भिजल्यावर कोणता, हे त्यांना बघायचं होतं. एक पावसाळा अपुरा वाटला म्हणून दुसरा बघितला. तोवर रिक्षावाले त्या गल्लीला चार पट्ट्यांची गल्ली म्हणायला लागले होते. शेवटी रंगारीच कंटाळून सुरतेला निघून गेला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं आणि मला लग्नाच्या दिवशी जे ‘पाहुणे’ म्हणाले ते आजतागायत पाहुणेच म्हणतात. त्यांचं स्वतःचं लग्न कसं जमलं, ही गोष्ट आमच्या सासरी अजून रंगवून सांगतात. देवळ्याला जाऊन ते मुलगी बघून आले आणि मग आठ महिने ना होकार, ना नकार. दर पंधरा दिवसांनी सासऱ्यांना एक पोस्टकार्ड मात्र यायचं : ‘आपल्या कन्येविषयी विचार चालू आहे. प्रकृतीस जपावे.’ सासरे कांद्याचे शेतकरी, घरात अहिराणी बोलायचे. कार्ड उलटसुलट करून ते म्हणायचे, “पोऱ्या चांगला शे, पन काही बोलस नही.” मेहुणीबाई सांगायच्या, “मला ती कार्डं आवडायची. अक्षर बघून वाटायचं, एवढं सावकाश लिहिणारा माणूस तापट नसणार.” त्यांचा अंदाज खरा ठरला. साडूंना चिडायलाही वेळ लागायचा, आणि तोवर चिडण्याचं कारण घरातून निघून गेलेलं असायचं.

निवृत्तीनंतर रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पण चालताना चौक आला, की डावीकडे वळावं की उजवीकडे, यासाठी साडू थांबायचे. त्यामुळे तासाभराच्या फेरीत चालणं कमी आणि उभं राहणं जास्त व्हायचं. एका सकाळी कुत्रं मागे लागलं आणि ते पळाले. कुत्रं थांबलं, हे थांबले नाहीत. घरी पोचल्यावर धापा टाकत त्यांनी मला फोन केला. “पाहुणे, एक गंमत सांगतो. पळताना काही ठरवावं लागत नाही. डावा पाय पडला की उजवा आपला येतोच.” त्या दिवसापासून ते रोज पळायला लागले. ढगळ अर्धी चड्डी, खात्याने कधीकाळी दिलेली टोपी आणि खिशात घडी घातलेला रुमाल, अशा थाटात जेलरोडपासून नदीपर्यंत आणि परत. वेग असा, की शेजारून सायकलवर जाणारे दूधवाले त्यांच्याशी पूर्ण संभाषण करून पुढे जायचे.

दीडेक वर्षाने मेहुणीबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं दोन महिन्यांत परत आलं, हात काही आला नाही, आणि पाऊल टाकायला एका बाजूला काठी व दुसऱ्या बाजूला साडू असे दोन आधार लागू लागले. मुलगी पुण्याला, नोकरी आणि लहान बाळ सांभाळणारी. साडू स्वयंपाक शिकले, वेणी घालायला शिकले. भांग मधोमध पाडायचा की बाजूने, हे मात्र रोज विचारून घ्यायचे. पळणं त्यांनी सोडलं नाही. पहाटे पाच ते सहा, मेहुणीबाई उठायच्या आत जाऊन यायचे. आम्हीही दर रविवारी तिकडे जायचो, चहा प्यायचो, त्यांच्या गमती ऐकायचो आणि परत यायचो.

असं दोन वर्षं चाललं असताना शहरातल्या पळणाऱ्या मंडळींनी एक टूम काढली. शनिवारी नाशिकहून पळत त्र्यंबकेश्वरला जायचं, अठ्ठावीस किलोमीटर. तिथे मुक्काम करायचा आणि रविवारी तेवढंच पळत परत यायचं. एकच दिवस पळणाऱ्याला काही नाही, दोन्ही दिवस पुरे करणाऱ्याला पदक. साडूंनी छापील फॉर्म आणला. फॉर्म द्यायला महिनाभर मुदत होती, आणि त्या महिन्यात आमच्या नातेवाइकांपैकी कोणालाही दुसरा विषय मिळाला नाही.

त्यांनी माळ्यावरून जुना ड्रॉइंग बोर्ड काढला, त्यावर मोठा कागद टाचला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘पळावे’, उजवीकडे ‘पळू नये’. धरणाच्या नकाशावर असतं तशा कोरीव अक्षरात. डावीकडचं पहिलं कारण होतं ‘जमेल’. उजवीकडचं पहिलं, ‘जमणार नाही’. ‘वय त्रेसष्ट’ हे दोन्ही बाजूंना होतं. ‘डिसेंबरात थंडी असते’ हेही दोन्ही बाजूंना होतं. डॉक्टर म्हणाले, “जाताना पळा, येताना गाडीने या.” साडूंनी ते बाजूला ठेवलं. “हा अर्धाच सल्ला आहे, पाहुणे. अर्ध्यासाठी रकाना नाही.” शिंदे गावाकडून त्यांच्या गल्लीत मेथी-कोथिंबीर घेऊन येणाऱ्या मावशींनाही त्यांनी विचारलं. मावशींनी जुडी बांधता बांधता सांगितलं, “पहिल्या दिवशी कोन बी जातंय, दादा. दुसऱ्या दिवशी आंग दुखत असताना पाटी उचलायची, तवा कळतं.” साडूंना हे फार पटलं. ते कोणत्या बाजूला लिहावं हे कळेना म्हणून त्यांनी ते बरोबर मधल्या रेघेवर उभं लिहिलं.

मी या सगळ्याच्या गोष्टी ऑफिसात सांगायचो. जेवणाच्या सुट्टीत लोक विचारायचे, “काय म्हणतोय तुमचा साडू? ठरलं का?” मी नवीन कारणं सांगायचो आणि सगळे हसायचे. मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा मीच वैतागलो आणि एकदाचा निकाल लावू म्हणून त्यांच्या घरी गेलो. मेहुणीबाई आत पडल्या होत्या. साडू स्वयंपाकघरात चहा टाकत होते. खिडकीतून बोर्डावर तिरपं ऊन आलं होतं. उजव्या रकान्यात सगळ्यात खाली एक ओळ खोडरबराने पुसलेली दिसली. पेन्सिल पुसली गेली होती, पण दाबून लिहिल्याचे वळ कागदावर राहिले होते. मी वाकून वाचलं. ‘रात्री हिच्याजवळ कोण?’

चहा मी कसाबसा प्यायलो. दोन वर्षांत हा माणूस एका रात्रीसाठीही घराबाहेर गेला नव्हता आणि हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं नव्हतं म्हणण्यापेक्षा, आम्ही विचारलंच नव्हतं. आणि साडूही कोणाला म्हणाले नव्हते. गुडघे, थंडी, वय अशी सगळी कारणं त्यांनी गावभर विचारली, पण हे एक पुसून टाकलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन नाशिक रोडला गेली आणि बहिणीसमोर बसून म्हणाली, “ताई, त्या दोन दिवसांत मी येऊन राहते तुझ्याकडे. मलाही जरा माहेर.”

मेहुणीबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. त्यांना सगळं समजायला एवढं पुरेसं होतं.

“फॉर्म कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“अगं, अजून उद्याचा दिवस आहे,” साडू म्हणाले.

“मला नकोय उद्याचा दिवस. पेन द्या. तेव्हा मी आठ महिने थांबले, मुलींनी बोलायची पद्धत नव्हती म्हणून. आता मी बोलणार.”

फॉर्मवर घरच्यांच्या संमतीची एक जागा होती. त्यांनी डाव्या हाताने तिथे सही केली. पाव तास लागला. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं. साडू शेजारी उभं राहून बघत होते. मग त्यांनी कागद उचलला, शाई वाळेपर्यंत हातात धरला आणि चपला घालून तो द्यायला गेले.

शनिवारी मी स्कूटरवर पाणी, केळी आणि गूळ-शेंगदाणे घेऊन त्यांच्या मागेपुढे राहिलो. साडू आपल्या वेगाने चालले होते. जिथे पाण्यासाठी थांबायचे तिथून घरी फोन करायचे. “औषध घेतलंस का? आणि दुपारचं पिवळ्या डबीतलं आहे.” चौथ्या फोनला माझ्या बायकोने सांगितलं, की आम्ही पत्ते खेळतोय, सारखे फोन करू नका. साडेदहाच्या सुमाराला त्र्यंबक आलं. मागे फक्त तिघं होते, पण साडू खूश होते. गरम पाण्यात पाय सोडून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच विचार न करता दोन वेळा भात मागून घेतला.

रविवारी पहाटे मी उठलो तेव्हा ते कॉटच्या कडेवर बसले होते. दोन्ही बूट पायात होते, पण नाडी एकाचीच बांधलेली. पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या.

“पाहुणे, काय करावं?”

मी खरं ते सांगितलं. “मला सांगता येत नाही. खाली स्कूटर आहे.”

त्यांनी घरी फोन लावला. खोली एवढी शांत होती, की पलीकडचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

“उठलात का?” मेहुणीबाईंनी विचारलं.

“उठलोय गं. पण पायच उचलत नाहीये.”

“माझाही नाही उचलत,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी तुम्ही काय म्हणता मला?”

साडूंनी माझ्याकडे पाठ केली. मग हळूच म्हणाले, “एकच पाऊल टाक. पुढचं पुढे बघू.”

“मग झालं,” पलीकडून आवाज आला आणि फोन बंद झाला. साडूंनी वाकून दुसरी नाडी बांधली. वाकायला त्यांना फार त्रास झाला, पण मी मदत केलेली त्यांना चालली नसती.

येतानाचा रस्ता मला अजून तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. अंजनेरीपाशी डोंगरावर ऊन आलं होतं. महिरावणीपर्यंत ते पळत होते, असं म्हणता येईल. पुढे पळणं आणि चालणं यात काही फरक राहिला नाही. मावशींनी सांगितलेलं त्यांनी दोनदा मोठ्याने म्हटलं, स्वतःशीच. सातपूरला दुकानं उघडली होती आणि लोक रविवारचं मटण घेऊन घरी निघाले होते. बारा वाजता स्पर्धा संपणार होती. काल जिथून निघालो होतो त्या मैदानाच्या फाटकात आम्ही शिरलो तेव्हा सव्वा वाजला होता. कमान उतरवून झाली होती आणि दोघं जण सतरंज्या गुंडाळत होते.

झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर मेहुणीबाई बसल्या होत्या. माझ्या बायकोने त्यांना रिक्षाने आणलं होतं. अकरा वाजल्यापासून दोघी तिथेच होत्या. साडू दिसताच त्या काठी टेकवून उठल्या. बायको धरायला गेली तर तिला मानेनेच थांबवलं. मग उजवा पाय ओढत, एकट्या काठीच्या जोरावर त्या पुढे आल्या. पाच पावलं असतील, फार तर सहा. साडू होते तिथे थांबले आणि बघत राहिले. मग लगबगीने येऊन त्यांनी रोजच्यासारखा उजवा दंड धरला.

“उन्हात कशाला आलीस?” ते म्हणाले.

सतरंज्या गुंडाळणाऱ्यांपैकी एक मुलगी खोक्यातलं पदक घेऊन धावत आली. साडूंनी दंड न सोडता मान मागे घेतली. “पण बारा वाजून गेलेत. हे तुमच्या नियमात बसतं का? कोणाला तरी विचारून घ्या.” मुलगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात मेहुणीबाईंनी काठी माझ्या बायकोकडे दिली आणि डावा हात पुढे केला. “दे बाई इकडे.” ते पदक त्यांनी माझ्या बायकोकडून स्वतःच्या गळ्यात घालून घेतलं आणि नाशिक रोडपर्यंत रिक्षात तसंच मिरवत नेलं.

त्यानंतर मेहुणीबाई तीन वर्षं होत्या. संध्याकाळी दोघं गल्लीत फेरी मारायचे. एक टोक ते दुसरं टोक, मग परत. दुसरा झटका आला तेव्हा दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. दिवसकार्य आटोपून पंधरा दिवस झाले असतील, साडूंचा फोन आला. घर विकायचं ठरवलंय, मुलीकडे पुण्याला राहायला जातो.

“कधी ठरवलंत?” मी विचारलं.

“काल,” ते म्हणाले.

इतकी वर्षं मी या माणसाच्या उशिरावर हसत आलो होतो. आता मात्र थोडं थांबा, नीट विचार करा, असं त्यांना सांगावंसं वाटलं. पण ते सांगायचा मला काय अधिकार होता?

आता रविवारी मी त्यांना फोन करतो. ते लगेच उचलतात, जेवलो म्हणतात, बरा आहे म्हणतात. पळणं गेलं, गुडघे बोलतात. यंदा डिसेंबरात मी म्हणालो, “आठ दिवस या इकडे. गाडीने त्र्यंबकला जाऊन येऊ.”

“नको, पाहुणे,” ते लगेच म्हणाले.

मग त्यांनीच विचारलं, “थंडी पडली का तिकडे?”

“पडली.”

“पहाटे जास्त असेल,” ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही.