शुभेच्छुकांच्या गराड्यात

मंडळी, मला दिसत न्हाई. कॉम्प्युटर वाचून दाखवतो, मी कीबोर्डवर काम करतो.

आज बहिणीच्या लग्नासाठी परतूरच्या एका मंगल कार्यालयाची वेबसाइट उघडली. बुकिंग तिथंच होतं. पण समोर मालकाच्या वाढदिवसाचं बॅनर! पुढं सरकायला कीबोर्डवरचा टॅब दाबला की एका शुभेच्छुकाचं नाव ऐकू येई, परत दाबला की दुसऱ्याचं. शेवटच्या नावानंतर पुन्हा पहिला. मी बॅनरच्या आतच अडकलो.

वेबसाइट बनवणारा ओळखीचा. त्याला फोन लावला.

"भाऊ, कोपऱ्यातल्या फुलीवर माउस न्या."

"मला कोपरा दिसत न्हाई, दादा. कीबोर्डनं बंद होईल असं कर."

"वाढदिवस होऊ द्या, मंग बॅनरच काढतो."

तोवर आमची तारीख दुसऱ्यानं घेतली.

तुमची वेबसाइट असंल तर माउस बाजूला ठेवून नुसतं टॅब दाबून बघा. मालकाला उदंड आयुष्य लाभो, पण आम्ही बाहेर कुठून पडायचं?